विरजणाची वाटी

दह्यात चमचा घातला आणि ते वडीसारखं सरळ कापलं गेलं. आमचं दही असं कापलं जात नाही, ते चमच्याला बिलगून येतं. माझ्या लग्नानंतर आईने स्टीलच्या डब्यातून विरजण दिलं होतं. आई गेली, पण तिच्या दह्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव माझ्या ओट्यावर रोज नव्याने वाढत राहिले.

मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर जायचं होतं, म्हणून विरजण शेजारच्या शोभाताईंकडे ठेवलं. काल परतले तेव्हा त्यांनी भरलेली वाटी हातात दिली.

"तुमच्या आईंचंच आहे हो. एक दिवस खाडा केला नाही."

मी चव घेतली. गोडसर, दुकानातल्या डब्यातलं दही. जीव त्यातही असतील, पण परके.

शोभाताई विसरल्या असत्या, तर मी समजून घेतलं असतं. इतके नाजूक जीव, दोन दिवसांच्या हेळसांडीनेही जातात. पण मेलेल्याच्या जागी दुसरंच ठेवून त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं. ते काही माझ्या गळ्याखाली उतरेना.

संध्याकाळी शोभाताईच दारात उभ्या. "थोडं विरजण देता का? माझं संपलं. तुमच्या आईंच्या दह्याची सर कशालाच नाही."

मी त्यांनीच दिलेल्या दह्यातलं चमचाभर त्यांच्या वाटीत घातलं.

"आईचंच आहे हो," मी म्हणाले. माझाही आवाज जराही अडखळला नाही.