शनिवारचं मौन

आमच्या कर्जत-कळंबच्या रस्त्याला इतके रिसॉर्ट झालेत, की सकाळी म्हैस चरायला सोडली तर संध्याकाळी ती कुणाच्या तरी स्विमिंग पूलमधून काढून आणावी लागते. असं मी गिऱ्हाइकांना सांगते. आमच्याकडे म्हैस नाही, ही गोष्ट वेगळी.

गिऱ्हाईक म्हणजे मुंबई-ठाण्याची माणसं. शनिवार-रविवारी ती आमच्या अंगणात चुलीवरची कोंबडी आणि तांदळाची भाकरी खायला येतात, आणि कोंबडीइतकीच माझी बडबडही खपते. "मावशी, ती बिबट्याची सांगा ना," म्हणतात. मी सांगते. माझा बिबट्या दर खेपेला वीतभर वाढतो. सध्या तो बैलाएवढा झालाय, आणखी थोडा वाढला तर गोष्टीतल्या दारातून आत यायचा नाही. लोक मोबाइल पुढे धरून माझं "हाय" आणि "नाय" टिपून घेतात आणि जाताना म्हणतात, किती अस्सल बोलता हो तुम्ही. मी फुगते. लिहिताना मी "आहे-नाही" लिहिते, तालुक्याच्या वाचनालयातली अर्धी कपाटं मी संपवलीत. पण तोंड उघडलं की गाव बाहेर येतं, आणि त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमचे हे माझ्या अगदी उलटे. खालापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. गेटच्या आत गेले की "आहे", बाहेर आले की "हाय". बोलणं कमी, आणि खोटं तर जमतच नाही. शेजाऱ्याने नावडती भाजी आणून दिली तरी "छान झाली होती" म्हणताना ह्यांचे कान जास्वंदीसारखे लाल होतात. त्यामुळे घरात खोटं बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने आम्हाला श्रीवर्धनच्या बाजूला एका रिसॉर्टचं बुकिंग करून दिलं. म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंत, आता दोन दिवस कुणीतरी तुम्हाला वाढू दे. खोपोली, पेण, माणगाव करत आम्ही शुक्रवारी पोचलो. मोठा रस्ता सोडल्यावर पुढे एवढं रान, की गाडीच्या दोन्ही आरशांत काजूची पानं अडकली. रान संपलं तिथे सुरूचं बन, बन संपलं तिथे समुद्र. मोबाइलला रेंज नाही. मोजकी लाकडी घरं, त्यांना ते कॉटेज म्हणत. माणसं इतकी कमी, की आमच्याशिवाय ठाण्याचं एक जोडपं, नातवंडांना घेऊन आलेलं एक कुटुंब, बस्स. एवढी शांतता मला झेपत नाही. मला कानांना दडे बसल्यासारखं झालं.

म्हणून त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी बोलायला लागले. ठाण्याच्या बाई शेजारच्या टेबलावर होत्या. ताठ पाठ, पांढरे आखूड केस, गळ्यात रुद्राक्ष. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या. मी कर्जत सांगितलं, कर्जतवरून माथेरान निघालं आणि माथेरानवरून माझ्या मामाचा घोडा. हा घोडा माथेरानला इतकी वर्षं पर्यटक फिरवत होता की एकदा मामाला झाडाखाली झोप लागली, तर घोडा एकटाच गिऱ्हाईक घेऊन गेला, सगळे पॉइंट दाखवले, प्रत्येक पॉइंटवर फोटोपुरता थांबला, त्यांना हॉटेलवर सोडलं आणि येताना दुसरी पार्टी घेऊन आला. "आनि मामा उटला तवा घोडा त्याच्याकडं असा बगत व्हता, जसा काय मामाच कामावर उशिरा आला हाय," मी म्हटलं.

सगळे हसले. नातवंडं तर खुर्चीवरून खाली घसरली. ठाण्याचे साहेब डोळे पुसत म्हणाले, परत एकदा म्हणा ना, ते 'बगत व्हता'. मी परत म्हटलं. ते परत हसले. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे हात धुवायला उठून गेले होते आणि बराच वेळ आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोहे होते. मी खुर्ची ओढून बसते न बसते तोच ठाण्याच्या बाई म्हणाल्या, "या, आज कुठली गोष्ट?" मी तोंड उघडलं. कोंडाण्याच्या लेण्यातल्या वटवाघळांची एक मोठी जबरी गोष्ट जिभेवर आली होती. पण माझ्या आधी आमचे हे बोलले. कधी नव्हे ते.

"आज हिचं मौन असतं," हे म्हणाले. "शनिवारी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. कान लालभडक. आमच्या घराण्यात शनिवारी कुणी मौन पाळलेलं नाही. शनिवार हा माझा धंद्याचा वार, त्या दिवशी मी एवढं बोलते की रविवारी घसा बसतो. हे मला हातांनी, डोळ्यांनी, भुवईने काहीतरी विनवत होते. आणि त्या एका क्षणात मला उमगलं, की ह्यांना माझी लाज वाटलीय.

हे असं वाटणं मला नवीन होतं. पंचवीस वर्षांत आम्ही भांडलो, ताटं आपटली, मी एकदा माहेरी जायला एसटीत बसले आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले. पण लाज कधी मध्ये आली नव्हती. मी तोंड मिटलं. आणि मनात म्हटलं, बरं, मौन तर मौन. तुमच्याशीसुद्धा.

आता ज्याला खोटं बोलता येत नाही तो एक खोटं बोलला की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. खोटं बोलणं म्हणजे विहिरीचं काम, आधी कठडा बांधावा लागतो. ह्यांनी नुसताच खड्डा खणला होता. बाईंनी विचारलं, मौनात उपासपण असतो का. हे घाबरून "हो" म्हणाले. झालं. माझ्यापुढची पोह्यांची बशी उचलली गेली. दुपारी समोरून सुरमईची तळलेली तुकडी गेली, माझ्या नाकाखालून, चमचमत. माझ्यापुढे आला अळणी वरीचा भात. बाईंनी विचारलं, किती वर्षं पाळताहेत. हे म्हणाले, लहानपणापासून. मी लहानपणी किती गप्प होते हे माझ्या आईला विचारावं. माझ्यामुळे आमच्या आळीतले कावळे गाव सोडून गेले होते.

एक वाक्य. मी एक वाक्य बोलले असते तर ह्यांना वर काढलं असतं. पण मला बोलायला बंदी होती, आणि ती ह्यांनीच घातली होती. मी भात चिवडत बसले.

दुपारी आम्ही सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. हे पुढे, मी मागे. ह्यांनी मला शिंपला दाखवला. मी पाहिला. ह्यांनी म्हटलं, "आता कोन नाय हितं, बोल की." मी समुद्राकडे पाहिलं. "अगं, रागावलीस काय?" मी मान हलवली, कुठल्या दिशेला ते माझं मलाच ठाऊक नाही. खरं सांगायचं तर राग नव्हताच. राग असता तर मी सुटले असते. मी कालचं सगळं जेवण आठवत होते. कोण कधी हसलं, घोड्याला हसलं की मला. "बगत व्हता" परत म्हणायला लावलं तेव्हा मी किती हौसेने म्हटलं. आणि मग आमच्या अंगणातले ते मोबाइल आठवले, ते "अस्सल", आणि माझं फुगणं. तापल्या वाळूत उभी असून मला घामाऐवजी काटा आला.

संध्याकाळी चहाला बाई आमच्या टेबलावरच येऊन बसल्या, साहेबांना घेऊन. माझ्याबद्दल त्यांचं मत आता पक्कं झालं होतं. त्या ठाण्यात बायकांचा ध्यानाचा वर्ग घेत होत्या, आणि इतकं कडक मौन पाळणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. काल एवढं बोलणारी व्यक्ती आज एवढी गप्प, म्हणाल्या, हा केवढा निग्रह. मग ह्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, तुमच्या पत्नीचे गुरू कोण?

ह्यांनी चहाचा घोट घेतला. आणखी एक घेतला. कप रिकामा होता.

"माथेरानला असतात," हे म्हणाले.

"माथेरानला कुठे?"

"वरती. घोड्यांची वाट आहे ना, तिकडे."

बाईंचे डोळे लकाकले. त्या म्हणाल्या, पुढच्याच महिन्यात आमच्या वर्गाला घेऊन येते, वाटेत तुमच्या घरी थांबतो, मग तुम्ही आम्हाला गुरुजींकडे घेऊन चला. त्यांनी साहेबांना घराचा पत्ता लिहून घ्यायला सांगितलं. साहेबांनी पेन काढलं. हे माझ्याकडे बघायला लागले. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसे. कान आता जांभळे झाले होते. एक लग्नाचा नवरा, कारखान्यात तीस माणसांना कामाला लावणारा, त्याची ही दशा, आणि माझ्या हट्टाच्या मौनामुळे ठाण्याच्या बायांचा एक अख्खा वर्ग माथेरानच्या लिदीतून गुरू शोधत फिरणार होता. तेव्हा मला ह्यांची लाज वाटली. आणि ह्यांची वाटली म्हणून परत माझी वाटली.

सूर्य समुद्रात गेलेला होता. मी कप खाली ठेवला.

"सूर्यास्त झाला आहे. आता मी बोलू शकते," मी म्हटलं. "गुरुजी हल्ली कुणालाही भेट देत नाहीत. त्यांनी एकांत स्वीकारला आहे. आम्हालाही त्यांचे दर्शन होत नाही. आपण त्यांचा शोध घेऊ नये, अशी त्यांचीच इच्छा आहे."

एकही "हाय" नाही. एकही "नाय" नाही. अनुस्वार, काना, मात्रा, सगळं इस्त्री केलेलं. वाचनालयाची अर्धी कपाटं माझ्या तोंडातून एकामागून एक खाली उतरली. साहेबांनी पेन खिशात घातलं. ह्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. बाई वाईट नव्हत्या, हे लिहायला हवं. साहेबांकडे वळून म्हणाल्या, "बघा, एका दिवसाच्या मौनाने वाणी किती शुद्ध झाली. काल कशा बोलत होत्या."

मी हसले. काय करणार? जन्मात एवढं मोठं खोटं मी कधी खपवलं नव्हतं, आणि एवढ्या श्रद्धेने कुणी विकतही घेतलं नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं? पण कानशिलं तापली होती. त्या रात्रीच्या जेवणात मला सुरमई मिळाली, मौन सुटल्याची खास, लिंबाची फोड लावून. मी खाल्ली. चव सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी निघताना बाईंनी विचारलं, झोप लागली का. मी म्हटलं, "उत्तम लागली." हे माझ्याकडे वळून बघायला लागले, जणू गाडीत चुकून दुसऱ्याच कुणाची बायको बसत होती.

माणगावच्या पुढे ट्रकच्या मागे अडकलो, तेव्हा हे समोर बघतच म्हणाले, "तू मला बी आता तशीच बोलनार काय?"

"कशी?"

"तशी. उत्तम."

मी ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचत बसले.

"मला भ्या वाटलं काल," हे म्हणाले. मग सांगितलं, की शुक्रवारी हे हात धूत होते तेवढ्यात मागून साहेब आणि ती नातवंडं तिथे आली. आरशात बघून साहेब माझी नक्कल करत होते. 'बगत व्हता, बगत व्हता.' नातवंडांना शिकवत होते, नातवंडं म्हणून दाखवत होती. हे तिथेच नळाखाली हात पुन्हा पुन्हा धूत राहिले. रात्रभर पडून हे विचार करत राहिले, की सकाळी ही परत बोलेल आणि ते परत हसतील.

"मंग मौन सुचलं," म्हणाले.

"लाज वाटली तुमाला," मी म्हटलं. ते विचारणं नव्हतं.

ट्रकवाल्याने बाजू दिली. ह्यांनी गाडी पुढे घेतली, नीट आपल्या लेनमध्ये आणली, मग बोलले. "त्यांची वाटली. अन् थोडी तुझी बी वाटली. खरं सांगतो."

खरंच सांगत होते. कान नेहमीच्या रंगाचे होते. हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दरवाजा उघडून उतरले असते, चालत्या गाडीतून. पण माझ्याच मनात कालपासून जे बसलं होतं ते ह्यांच्याहून काय वेगळं होतं? ह्यांना निदान थोडीच वाटली होती.

"मला बी वाटली," मी म्हटलं.

"माझी?"

मला उत्तर द्यायचं होतं, एकच शब्द. आणि जन्मात पहिल्यांदा जिभेवर दोन शब्द शेजारी शेजारी येऊन उभे राहिले, एक गावचा, एक कपाटातला, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते, कुणाला पाठवते म्हणून. पेण येईपर्यंत मी निवडत बसले असं मी आता सांगीन, पण खरं तर एक पूल ओलांडेपर्यंतच मी गप्प होते.

"नाय," मी म्हटलं. "माजीच."

ह्यांनी मान हलवली. ह्यांना तो ओळखीचा वाटला असणार, नेहमीचा "नाय". मी तो निवडून काढला होता, हे मी ह्यांना सांगितलं नाही.