बाबांचा रिमोट माझ्याकडे असतो

बाबांच्या मेंदूत दोन तारा आहेत आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. कंपवातासाठी केलेलं ऑपरेशन. त्याचा रिमोट माझ्याकडे असतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हात फार थरथरला तर करंट थोडा वाढवा. पण वाढवलं की जीभ जड होते, तोलही जाऊ शकतो. सांभाळून." घरातल्यांनी हाताचं ऐकलं. मी जिभेचं लक्षात ठेवलं.

बाबा मालवणी भजनीबुवा. लहानपणी एकदा गणपतीत घरी भजन चाललेलं, मी मागून वरचा सूर लावला. सगळ्यांसमोर बाबांची थोबाडीत बसली. "पुरुषांत बायलमाणसान तोंड उघडूचा नाय." मंडळी हसली. त्यानंतर मी स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणले नाही.

गेल्या गणपतीत बोरिवलीच्या घरी तीच मंडळी जमली, आता सगळी म्हातारी. बाबा सकाळपासून मागे लागले होते, "कमी करून ठेव गो. हात हलूंदे. माका गजर म्हणूचो हा."

"करते," म्हटलं, आणि वाढवलं. रिमोट जाऊ देईल तिथपर्यंत.

बाबांनी हात वर केला. एवढासाही हलला नाही. तोंड उघडलं तर शब्द चिकट भातासारखे एकमेकांना धरून बाहेर आले. पखवाज थांबला.

"काय बुवानु, आज बाप्पासमोर पण घेतलात?" पखवाजवाला म्हणाला.

हशा. मला वाईट वाटलं असं लिहिणार नाही. मजा आली. मी गजर उचलला आणि शेवटपर्यंत नेला. मध्येच बाबा उठायला गेले, झोकांडी गेली, भावाने धरलं म्हणून वाचले. माझा हात रिमोटवर गेला होता. तरी आरती होईपर्यंत कमी केलं नाही.

पुढच्या तपासणीला अंधेरीला गेलो. मशीन बघून डॉक्टरांनी विचारलं, "मध्ये एकदम इतकं कोणी वाढवलं होतं? पडले असते ना!"

मी काही बोलायच्या आत बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "मीच. चुकून."

परतताना रिक्षात मी विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

ते बाहेर बघत म्हणाले, "तुझो सूर माझ्यापेक्षा बरो होतो गो. तेव्हाच कळला माका. म्हणान मारलंय."

अजून काहीतरी बोलणार होते. मला ऐकायचं नव्हतं. मी पर्सची चेन उघडली. रिमोट वरच होता, त्यांना दिसेल असा. घर येईपर्यंत ती चेन तशीच उघडी ठेवून बसले.