मध्यमाची तक्रार

आईने ऑनलाइन पेटी मागवली हे आम्हाला खोकं दारात आल्यावर कळलं. एरवी मोबाइलवर नातवंडांचे फोटो बघण्यापलीकडे न जाणारी ही बाई. शेजारणीकडून सगळं शिकून घेऊन तिने गुपचूप हार्मोनियम घेतली होती. बाबा म्हणाले, "मिरज तास-दीड तासावर हाय की. देशभरातनं लोकं तिथं वाद्यं घ्यायला येत्यात, आणि तू फोनवरनं मागवतीस?" आईने कुंकवाचा करंडा आणला, पेटीला पाच बोटं ओढली, जास्वंदीचं फूल वाहिलं आणि पदराने भात्यावरची धूळ पुसली.

मी कोल्हापुरातच, कळंब्यात त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते, त्यामुळे त्या घरातल्या सगळ्या भानगडी माझ्याकडेच येतात. ही मात्र मला शोधून काढावी लागली. एका दुपारी गेले तर टीव्ही ठणाणा चालू आणि त्याच्या आडून आई पेटी वाजवतेय. एकच ओळ परत परत घेत होती, एका जागी अडखळत होती आणि दर वेळी स्वतःच्या बोटाकडे बघत होती.

"मध्यमावर बोट चुकतंय," ती म्हणाली. "हात गेला गं माझा."

मी टीव्ही बंद केला आणि ती पट्टी दाबून पाहिली. गाण्यात मी अगदीच ढ, पण मलाही कळलं. तो स्वर उतरलेला होता. बोट कुणाचंही ठेवा, तो रडकाच येणार. आणि माझी आई आठवडाभर स्वतःलाच दोष देत बसली होती.

टीव्ही का लावते तेही सांगितलं पाहिजे. आईचं माहेर कबनूर. घरात यंत्रमाग, शेजारी यंत्रमाग, समोर यंत्रमाग. लहानपणी ती गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बुवांकडे पेटी शिकली आणि रियाज करायची तो मागांच्या खडखडाटात. तिथे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं, पेटी कोण ऐकणार? तेच तिला बरं वाटायचं. एकदा मात्र वाजवता वाजवता लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले आणि आईची पेटी एकटीच गल्लीभर ऐकू आली. कोपऱ्यावरचा एक चुलता मोठ्याने म्हणाला, "ही कोण रडाय लागली?" सगळी गल्ली हसली. आई हा किस्सा हसतच सांगते. पण त्यानंतर लाईट गेली की तिचा हात आपोआप थांबायचा, आणि लग्न होऊन कोल्हापुरात शांत घरात आल्यावर तो थांबला तो थांबलाच.

मिरजेला ती का गेली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुकानात पेटी घ्यायची म्हणजे चार माणसांत वाजवून बघावी लागते.

मी जात्याच भांडखोर. तक्रार करायला मला कुणी बोलवावंच लागत नाही. पहिल्या दिवशी पेटीचे फोटो पाठवले, तर कंपनीने उलट मलाच विचारलं, वस्तूवर लाल डाग कसले? वस्तू मूळ स्थितीत हवी. मी लिहिलं, तो डाग नाही, कुंकू आहे. तरी आपलं ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, तेव्हा आईने माझ्याकडे असं बघितलं की मी फडकं तसंच मोरीत नेऊन टाकलं.

मग त्यांनी व्हिडिओ मागितला. दोष स्पष्ट ऐकू आला पाहिजे म्हणाले. आईने साडी बदलली, केस विंचरले, मोबाइलला नमस्कार केला. आतल्या खोलीत टीव्ही चालू ठेवायची अट तिचीच. आणि मग तिने एक अभंग असा वाजवला की मध्यमाच्या आजूबाजूने सगळीकडून गेली, पण त्या पट्टीला बोट म्हणून लावलं नाही. मी कपाळावर हात मारला. तर म्हणते, "परक्या माणसाला बेसूर कसं ऐकवायचं?"

दोन दिवसांनी कंपनीच्या मुलाचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, ही माझी चूक. तो बिचारा अदबीनेच बोलला. व्हिडिओ पाहिला, वाद्य चालू आहे, आवाज येतोय. काकू नवीन शिकत असतील तर सुरुवातीला असं वाटतं, म्हणाला. मी त्याला फैलावर घेणार एवढ्यात आईने हात करून मला गप्प केलं.

"ऱ्हाऊ दे," फोन ठेवल्यावर ती म्हणाली. "माळ्यावर ठेव ती. मला न्हाय येत आता."

पैसे बुडाले असते तर मी महिनाभर बडबड केली असती आणि विसरले असते. पण पेटी माळ्यावर गेली तर आई पुन्हा कधी वाजवणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांनी तिने स्वतःसाठी काहीतरी मागवलं होतं, तेही लपूनछपून, आणि त्यातूनही तिच्या पदरात हेच पडावं याचा मला फार राग आला. घरी येऊन त्या रात्री मी जेवले नाही.

सकाळी गेले तेव्हा ती वरण्याच्या शेंगा सोलत बसली होती. मग शेंगांची परात बाजूला सारून म्हणाली, "नवीन शिकतीया म्हणला न्हवं त्यो?"

"व्हय."

"माझं जाऊ दे. पर ह्यात बुवांचं नाव खराब हुतंय. घे तुझा मोबाइल."

या खेपेला टीव्ही तिनेच बंद केला. पंखा बंद केला. फ्रिज घुमत होता, त्याच्याकडे तिने मान वळवून बघितलं. बाबा साखर कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात होते, आवाज बंद करायची त्यांची पद्धत ठरलेली. ते उठून व्हरांड्यात गेले आणि त्यांनी मेन स्विचच खाली ओढला.

घर एकदम गप्प झालं. आईचा हात पट्ट्यांवरून उचलला गेला. मी मोबाइल धरून तशीच उभी राहिले, संपलं सगळं असं मनात म्हणत.

"लाईट गेली का ओ?" तिने विचारलं.

"मीच घालवलीया," बाबा बाहेरून म्हणाले. "वाजव की तू."

तिने हात परत पट्ट्यांवर ठेवला. मग तिने भाता ओढला. "पावणं, ध्यान देऊन ऐका," ती मोबाइलकडे बघत म्हणाली. "ह्यो खालचा सा, ह्यो वरचा सा. दोन्ही एकदम दाबते. एक झालं का न्हाय? आता ह्यो खालचा मध्यम आणि ह्यो वरचा. बघा, भांडाय लागलं."

खरंच भांडत होते. व्हिडिओ तिथेच संपायला हवा होता, पण ती थांबली नाही. तोच अभंग तिने पहिल्यापासून घेतला, वाटेत आला तिथे तो रडका मध्यमही लावला आणि शेवटपर्यंत वाजवला. गल्लीत कुणी हसलं नाही. मला रडू आलं, त्यामुळे व्हिडिओ शेवटी हललेला आहे. बाहेर बाबा मेन स्विचपाशीच उभे होते. "एवढी वर्सं घरात हाय," ते मला म्हणाले, "ही असं वाजवती ते मला कसं ठावं न्हाय?" मी त्यांना काय सांगणार? मलाही ठाऊक नव्हतं. लाईट परत लावायचं मात्र त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही, वायफाय बंद म्हणून व्हिडिओ जाईना तेव्हा आम्हाला आठवलं.

त्या मुलाचा लगेच फोन आला. म्हणाला, ऐकू आलं काकू, पैसे परत करतो. कुंकवाचं त्याने पुन्हा काही काढलं नाही. पेटी परत न्यायला गाडी आली, तेव्हा आईने पेटीला हात जोडले आणि तिला खोक्यात नीट बसवून दिलं.

पैसे आल्यावर आम्ही तिघं मिरजेला गेलो. उन्हाळा मी म्हणत होता. दुकानदाराने एक पेटी काढून समोर ठेवली आणि स्वतःच झोकात वाजवून दाखवायला लागला. आईने त्याला एक ओळ वाजवू दिली. मग पदर खोचून म्हणाली, "सरका जरा, मी बघते." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळून बघायला लागली. काकूंना उकडत असेल म्हणून दुकानदार पंख्याच्या बटणाकडे गेला.

"पंखा नगं," आई म्हणाली. "ऐकू येऊ द्या."