नाकासकट आई

शिल्पकारानं उभ्या आयुष्यात एकाही पुतळ्याला धड नाक दिलं नव्हतं, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. कलाशाळेत याच नाकानं त्याला रडकुंडीला आणलं होतं. तिथले मास्तर कंपास लावून नाकं मोजायचे आणि केसभर चुकलं की माती परत पिंपात टाकायला लावायचे. पुढे ग्रंथालयात परदेशी शिल्पांची जाडजूड पुस्तकं हाती लागली. त्यातल्या कित्येकांना नाकडोळेच नव्हते. त्याचा जीव भांड्यात पडला. मग तीस वर्षं त्यानं ब्राँझमध्ये नुसत्या पाठी, खांदे आणि पोकळ धडं ओतली. समीक्षक म्हणायचे, हा अभावाचा शोध आहे. बायको म्हणायची, याला नाक जमत नाही. बायकोचं खरं होतं, पण तिचं म्हणणं छापून येत नव्हतं.

एकदा जेवता जेवता म्हाताऱ्या वडिलांनी विषय काढला. "तुझी आई गेली, तिचा एक धड फोटो नाही घरात. माझी नजर चाललीय. डोळे आहेत तोवर तिचं तोंड करून दे मला. नाकासकट."

तो हो म्हणाला. नाही म्हणायची सोय होती कुठे?

आठवून आठवून त्यानं मेणाची आई घडवली, स्टुलावर बसलेली. सगळा जीव चेहऱ्यावर ओतला, बाकीचं अंग हातासरशी उरकलं. नाक असं उतरलं की बायकोनंसुद्धा मान डोलावली. मग मेणावर मातीचे थर दिले, भट्टीत मेण वितळून वाहून गेलं आणि त्या रिकाम्या जागेत ब्राँझ ओतलं. मेण गेलं ते गेलं, आता जे काय व्हायचं ते एका ओतण्यात.

साचा फोडला, तर तोंडाच्या जागी खड्डा.

कारण शोधावं लागलं नाही. साच्यातली हवा निघून जायला जागोजागी नळ्या ठेवाव्या लागतात. त्यानं त्या सवयीनं खांद्यांना ठेवल्या, पाठीला ठेवल्या. चेहऱ्याला ठेवायची वेळ आजवर आलीच नव्हती. हवा नाकापाशी अडून बसली आणि धातू तिथं पोचलाच नाही. आपल्याच शैलीनं आपला असा काटा काढावा, याचं त्याला आधी हसू आलं. मग वडिलांची आठवण झाली आणि ते हसू विरलं.

तेवढ्यात वडीलच काठी टेकत भट्टीच्या दारात हजर.

"बाबा, चेहरा आला नाही," तो म्हणाला. "माझीच चूक झाली."

वडिलांचं लक्ष नव्हतं. दारातून त्यांना पुतळ्याची पाठ दिसत होती. ते जवळ गेले आणि त्यांनी तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा जरासा वर ओढलेला होता. शिल्पकारानं तो मुद्दाम तसा केला नव्हता, हातून आपसूक झाला होता.

"माझ्यावर चिडली की अशीच बसायची," वडील म्हणाले. "पाठ करून. दिवसभर तोंड दाखवायची नाही."

"चेहरा नवा करून जोडतो ना, बाबा."

"राहू दे. तुला नाही जमायचं."

त्यांनी एक स्टूल ओढलं आणि तिच्या पाठीमागेच बसले. मग मुलगा तिथं नाहीच असं समजून हलक्या आवाजात म्हणाले, "बरं बाई, माझं चुकलं. आता तरी वळ इकडे."