पाळीच्या तापामागे सोनारीपर्यंत

लोक सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जातात. मी गेलो ते दाजींच्या तापाच्या भेटीला.

माझी थोरली बहीण, आक्का, सोनारीत दिलेली. बार्शीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं पुण्यात येऊन निरोप सांगितला, की दाजींना एकाआड एक दिवस हुडहुडी भरून ताप येतो, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या तरी हटत नाही, आणि माणूस निम्मा उरलाय. निरोप सांगून तो शांतपणे चहा प्यायला. मी आमच्या डॉक्टरांकडं धावलो.

डॉक्टरांनी आधी मला बसवलं, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. "गोळ्या पुऱ्या घेतल्या नसतील तर घाबरू नका," ते म्हणाले. "पण पुऱ्या घेऊनही ताप उलटला असेल, तर मात्र मला ते आवडणार नाही. बाहेरच्या काही देशांत हिवतापाचा जंतू ह्या गोळीला जुमानेनासा झालाय. आपल्याकडं तसं कुणी ऐकलेलं नाही."

म्हणजे सगळ्यात आधी ऐकायचा मान आमच्या दाजींना मिळण्याची शक्यता होती. मी दुसऱ्या सकाळची गाडी पकडली.

तुम्हाला जायचं असेल तर वाट सांगून ठेवतो. पुण्याहून कुर्डुवाडी, तिथून छोट्या रुळांची गाडी धरून बार्शी. ही गाडी इतक्या सावकाश जाते, की बाजूच्या पिकात कीड कुठली पडलीय तेही सांगता यावं. घरात कुणी आजारी नसेल तर प्रवास फार छान आहे. बार्शीत स्टँडजवळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत आमटी मिळते. पोटभर खाऊन घ्या, कारण पुढं परंड्याच्या एसटीत पोटातलं सगळं हलवून पुन्हा नीट बसवून दिलं जातं. जिल्ह्याची हद्द कुठं लागली हे पाटी बघून कळत नाही, कंबरेला कळतं.

त्या गाडीत माझ्या मागं दोन शेतकरी बोलत होते.

"औंदा डासाचे फवारावाले आलते का तुमच्याकडं?"

"आलते की. पैल्या साली पावडर मारली तवा ढेकणं पटापटा पडली. लई गुण आला."

"अन् औंदा?"

"औंदा पावडर अंगाला लावून फिरायलेत. सणासुदीला निघाल्यावानी!"

सगळी गाडी हसली. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ढेकणाला जे जमतं ते त्याहून बारक्या जिवाला का जमू नये, हा विचार परंड्यापर्यंत माझ्या शेजारी बसून आला. त्यानं तिकीट काढलं नव्हतं.

परंड्याचा किल्ला बघण्यासारखा आहे. तोफा भल्या दांडग्या आहेत. मी त्या बाहेरूनच बघितल्या, कारण टांग्याच्या अड्ड्यावर रहीमभाईंचा टांगा सोनारीला निघायच्या बेतात होता. पांढरी दाढी, तोंडात पान, आणि घोड्यापेक्षा जीभ चपळ.

"कुणाकडं चाललाव, सायब?"

मी दाजींचं नाव सांगितलं. तापाचं सांगितलं.

"अरे, मग आज कशाला चाललाव? काल ताप होता त्यांना, दवाखाना बंद म्हणून म्यानंच परत नेलंय. आज त्याची तातील, सुट्टी. उद्या दुपारी येतो की साहेब. वख्ताचा लई पक्का."

"तुम्हाला एवढं ठाऊक?"

"ह्या मौसमात टांगेवाल्याला समदं ठाऊक लागतंय. कुणाचा ताप कोणत्या दिशी, त्याच्यावर आमचा धंदा!"

सोनारीत शिरताना एक सूचना: पिशवी पोटाशी धरा. देवळाभोवती आणि साऱ्या गावात माकडांचं राज्य आहे, आणि देवाची म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही. माझ्या पिशवीतली केळी आक्काच्या दारापर्यंत पोचली नाहीत.

दाजी ओट्यावर बसून ज्वारीची भाकरी कुस्करत होते. गाल बसलेले, डोळे पिवळट, पण मिजास शाबूत. "या पाव्हणं! मला बघायला आलाव का माकडं?"

आक्कानं माझ्यापुढं पाणी ठेवलं. घरात पांढऱ्या मातीचा ओला वास होता. भिंत नुकतीच पोतारलेली होती, आणि फवारावाल्यांनी दारावर लिहिलेली तारीख तेवढी शिल्लक होती.

"आक्का, भिंतीवरचं औषध पुसलंस?"

"मग? नवरात्र तोंडावर आलंय. देवीला त्या वासात बसवू व्हय?"

मी मुख्य प्रश्न विचारला. "दाजी, गोळ्या सगळ्या घेतल्या?"

"संपल्या की कवाच्या."

"एकही उरली नाही?"

"पुडीचा कागद पायजे का बघायला?"

डॉक्टरांना जे आवडणार नव्हतं ते बहुतेक हेच. संध्याकाळी देवळात गेलो. देऊळ दगडी, गार, प्रशस्त. दर्शन निवांत होतं. मी मात्र मागच्या ओढ्यातल्या डबक्यांकडं बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप रहीमभाईंनी सांगितल्याप्रमाणं वेळेवर हजर झाला. आधी दाजींची नखं निळसर झाली, मग दात वाजायला लागले, मग बाज. ऊन मी म्हणत होतं आणि आम्ही त्यांच्यावर वाकळ टाकत होतो, वाकळेवर घोंगडी, घोंगडीवर पोतं. शेवटी त्यांची आई, आत्याबाई, स्वतःच त्यांच्या पायांवर जाऊन बसल्या. "दाबून धरलं की कमी हलतंय," म्हणाल्या. थंडी संपून अंग भट्टीसारखं तापलं तेव्हा दाजी मला भलत्याच नावानं हाक मारत होते.

मी आक्काला बाहेर बोलावलं. "ह्यांना सोलापूरला न्यायचं. मोठ्या दवाखान्यात. ह्या गोळ्या त्यांच्या तापाला चालत नाहीत."

आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गोळ्यांना कशाला नावं ठेवतोस? मला तर एकीनंच कसं हलकं वाटलं."

"तुला? तुला कधी ताप होता?"

"मला कशाला ताप? पण पाळी माझ्यावर आली तवा घेतली की."

तिनं मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. दवाखान्यातल्या कंपौंडरनं बजावलं होतं, पुडी एकदम खाऊ नका, पाळीपाळीनं घ्या. म्हणून पहिली ह्यांना. दुसरी आत्याबाईंना, थोरल्या म्हणून. मग आक्काला. मग पुन्हा ह्यांच्यापासून. "कडूजहर, पर कुणी चुकवली न्हाई. अगदी नेमानं."

मला हसू आलं, रडू आलं, आणि सगळ्यात आधी हायसं वाटलं. गोळी हरली नव्हती. गोळीची पंगत झाली होती.

पुढच्या सकाळी रहीमभाईंच्या टांग्यातून दाजींना परंड्याच्या दवाखान्यात नेलं. कंपौंडरनं कपाळावर हात मारला. "पाळीपाळीनं म्हंजे सकाळ-संध्याकाळ, वैनी! सासूसुनेनं न्हाई!"

"तसं बोलायचं मग," आक्का म्हणाली. "आमच्यात पाळी मान्सांची असती."

तिथले डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी दाजींच्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं, गोळ्या समोर गिळायला लावल्या आणि पुढच्या प्रत्येक वेळेची वेगळी पुडी बांधून दिली. मी हळूच विचारलं, "म्हणजे आता काळजी नाही?"

"अर्धवट औषध म्हणजे जंतूला घातलेली तालीम," ते म्हणाले. "जे मेले ते कच्चे होते. जे उरले त्यांना गोळीची चव कळलीय. बहुतेक पुऱ्या औषधानं जातील."

"बहुतेक?"

"महिनाभर बघा. उलटला तर लगेच आणा, दडवू नका."

हायसं वाटणं टांग्यात चढेपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

पाळीच्या दुपारी आम्ही सगळे दाजींभोवती बसलो. आक्का त्यांच्या नखांकडं बघत होती, मी ओठांकडं.

"असं बघू नका रं," दाजी कुरकुरले. "तुमच्या बघण्यानंच काटा यायलाय अंगावर."

सावल्या लांबल्या. दात वाजले नाहीत. दाजींनी शेंगोळे मागितले आणि आक्का चुलीकडं अक्षरशः पळाली. हुलग्याचे शेंगोळे, वर लसणाची फोडणी. त्या भागात गेलात तर हे खाल्ल्याशिवाय परतू नका.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं ठरवलं. टांगा दारात आला, पाया पडायला मी आत्याबाईंपुढं वाकलो, आणि डोक्यावर ठेवलेला त्यांचा हात हलत होता. आशीर्वादाचा हात एवढा हलत नाही.

"आत्याबाई, थंडी वाजतेय?"

"न्हाई बाबा. वारं सुटलंय."

पिंपळाचं पानही हलत नव्हतं. आक्का धावत आली, त्यांची नखं बघितली. "आत्याबाई, कवापास्नं?"

"परवा आलती जराशी. तुझा नवरा उठू दे म्हणलं आधी. दोघांला कोण बघंल?"

टांगा स्टँडऐवजी दवाखान्याकडं गेला. आत्याबाई वाकळेत गुरफटून माझ्या खांद्याला टेकल्या होत्या आणि त्यांचे हादरे माझ्या हाडांत उतरत होते. रहीमभाईंनी घोड्याला चाबूक दाखवला नाही, नुसतं पुटपुटले, "चल बेटा, अम्मा बैठी है."

डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या, पुऱ्या, समोर. ह्या म्हातारीच्या अंगात लेकाकडूनच आलेला ताप असेल का, आणि तो गोळीची चव घेऊन आलेला असेल का, हे मी विचारलं नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. दोघांनाही बघा, एवढंच म्हणाले. आत्याबाईंना आक्काच्या हवाली करून मी निघालो.

पुण्यात आता मित्र विचारतात, सोनारी कशी वाटली? मी म्हणतो, जरूर जा. देऊळ सुंदर आहे, माकडं लबाड आहेत, माणसं हातातलं सगळं वाटून खातात. औषध तेवढं वाटू देऊ नका.

महिना अजून भरायचाय. एक दिवस दाजींचा, दुसरा आत्याबाईंचा. काल जेवता जेवता माझा हात थांबला तसं बायकोनं विचारलं, "आज कुणाचा?" मी म्हटलं, "दाजींचा." तिनं घड्याळाकडं बघितलं, पानावर झाकण घातलं, आणि दुपार कलेपर्यंत दोघंही तसेच बसून राहिलो.