लटारू मिस्त्रीचं कोरडं पान

नागभीडच्या रेल्वे फाटकापलीकडे लटारू मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार सागाच्या बल्ल्या आणि वर टिनपत्रे. तरी ट्रकचं ऑइल बदलायला पार गडचिरोलीकडचे ड्रायव्हर इथं येत. लटारूने बसवलेला, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट गळत नाही, ही साऱ्यांची खात्री होती.

त्याची रीत ठरलेली. जुनं ऑइल गळून गेलं की नट आणि त्याची बैठक फडक्याने पुसायची आणि तांब्याचा वॉशर नवाच टाकायचा. जुनाच वॉशर पुन्हा घालणाऱ्याला तो चारचौघांत शिव्या हासडी. मग नट नुसत्या बोटांनी फिरवायचा. आटे आट्यांत बसल्याचं बोटांना कळलं, की शेवटी पाना, तोही बेताने. "जोर बैलाले लागते, नटाले अंदाज लागते," तो म्हणे. नवं ऑइल भरून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं आणि नटाखाली पळसाचं वाळकं पान ठेवायचं. पान कोरडं निघालं की ते ड्रायव्हरच्या हातात. ड्रायव्हर ते केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे खोचत.

दोन वर्षांमागे लटारूला साखर निघाली. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. बोटांना आधी मुंग्या येत, मग बोटं मुकीच झाली. एका सकाळी त्याने चुलीवरचं तापलेलं पातेलं तसंच हाताने उतरवलं आणि बायको रुखमा ओरडली, "अवो, बोटं पोयले ना! कळून नाई राह्यलं का तुमाले?"

"कळते," लटारू म्हणाला. साफ खोटं. बोटंच गेली तर आपल्यात मिस्त्री म्हणून उरलं काय, या भीतीने त्याला झोप येत नव्हती, तरी हा गडी ते कबूल करायला तयार नव्हता.

त्याच आठवड्यात दसरू आला. हा जंगलातल्या गावचा माणूस, स्वतःच्या जुन्या ट्रकमधून बांबू वाहायचा. पंधरा वर्षं त्याने दुसऱ्या कुणाला ट्रकखाली शिरू दिलं नव्हतं. त्या दिवशी नट तिरपा चढला आणि बोटांना पत्ता लागला नाही. पाना जड जाऊ लागला, तिथंच थांबायचं होतं. जन्मभर अंदाज शिकवणाऱ्या या माणसाने जोर वाढवायला पान्याला पाईप लावला आणि आटे कापत नट रेटला. पान कोरडं निघालं. दसरू ते घेऊन गेला.

बांबू भरून परतताना खड्ड्यांच्या रस्त्यावर नट सुटून पडला आणि ऑइल वाहून गेलं. ऑइलचा दिवा पेटून दसरू थांबेपर्यंत इंजिन जाम झालं होतं. दोन दिवस तो जंगलात ट्रकपाशी बसून होता.

इंजिन नव्याने बांधून घेतल्यावर दोन महिन्यांनी तो ऑइल बदलायला पुन्हा लटारूकडेच आला.

"चेंबरचे आटे गेले होते, भाऊ," तो खाली बघत म्हणाला. "जुनाच होता म्हना तो. आता नवा टाकला."

खरं बोलायची हीच वेळ होती. "हो, जुनाच होता," लटारू म्हणाला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

या खेपेला त्याने नट तीनदा उघडून तीनदा बसवला. डोळ्यांनी जितकं दिसेल तितकं पाहिलं. पान कोरडं निघालं. दसरूने ते कपाळाला लावलं, रामराम केला आणि ट्रक काढला.

फाटक ओलांडून ट्रक बाभळीखाली थांबला. दसरू उतरला, सीटखालचा पाना काढला, पाठीवर पडून ट्रकखाली सरकला. बराच वेळ लटारूला गॅरेजातून त्याचे नुसते पाय दिसत होते. मग हात पुसत तो उठला आणि मागं न बघता निघून गेला.

रुखमा डबा घेऊन आली होती. "काऊन थांबला होता दसरू?"

"माहा नट पाहून राह्यला होता," लटारू म्हणाला. त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "मले काईच कळत नाई वं, रुखमा. लई दिवसापासून."