आलेलं पत्र मला कळलंच नाही

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाच्या वहीत एरवी मी फक्त वाचते. आज लिहिते.

दोन वर्षांपूर्वी बर्डीवरच्या एका मुलींच्या शाळेत मी नोकरीसाठी नमुना पाठ घेतला होता. उत्तर आलंच नाही. "त्याइले तुया पाठ पसंत नाही पडला," माझ्या मोठ्या भावानं सांगितलं. मी खरं मानलं. तेव्हापासून चार बायकांत बोलायचं म्हटलं तरी छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो.

आज सकाळी भाचीचं नाव घालायला त्याच शाळेत गेले. मोठ्या बाईंनी लगेच ओळखलं. "तुमचा पाठ सगळ्यांत चांगला झाला होता. आम्ही पत्र पाठवून बोलावलं, तरी नोकरी का नाकारलीत? तुमच्या भावांनी पत्रानं कळवलं होतं." जागा पुन्हा रिकामी होती. "आता येता का?" त्यांनी विचारलं. सवयीनं मी म्हणाले, "घरी विचारून सांगते."

घरी येऊन विचारलं, "शाळेचं पत्र काहून लपवलं गा भाऊ?"

"तुले झेपलं नसतं," तो शांतपणे म्हणाला. "पाह्य ना, जराशा गोष्टीनं घाबरते तू."

"मी अशी नव्हती. तू सांगतलं तवापासून घाबरून राहिली."

ज्यानं हात धरून मला अक्षरं गिरवायला शिकवलं, त्यानंच मला दोन वर्षं नालायक समजू दिलं.

मी टांगा करून परत शाळेत गेले आणि बाईंना "येते" म्हणून सांगितलं. सांगतानाही छाती धडधडतच होती.

भीती कुठून आली ते कळलं, तरी ती जात नाही. तुमच्यापैकी कुणाची गेली असेल, तर कशी गेली ते याच पानावर लिहाल?